जुन्या गेम बॉयसाठी रिचार्जेबल सेल कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मामांनी २००३ साली अमेरिकेहून आणलेला गेम बॉय ॲडव्हान्स, म्हणजे हातात धरून खेळायचं निंटेंडो कंपनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र, माळ्यावरच्या पेटीत सापडला. पुण्यातून त्याला आतून उजेड असलेला नवा आयपीएस पडदा बसवून आणलात आणि आता तुमची नऊ वर्षांची लेक त्यावर खेळते. नाशिकच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे पेन्सिल सेल घातले की दोन-अडीच तासांत लाल दिवा लागतो. रिचार्जेबल घ्यायचे तर १.२ व्होल्टचे चालतील का, की यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल घ्यावेत? किती एमएएचचे, म्हणजे किती क्षमतेचे? चार्जर कुठला?

आधी थेट उत्तर देतो. साधारण २००० एमएएचचे, ठेवल्या जागी चार्ज न गमावणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या. एनेलूपचे पांढरे सेल हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. चार सेल घ्या, म्हणजे एक जोडी यंत्रात आणि एक तयार राहील. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून चार्ज करणारा चार्जर घ्या. आणि हे सगळं मागवण्याआधी गेम बॉयचा पॉवरचा स्विच आणि सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या साफ करून घ्या. मी गेली कित्येक वर्षं जुने हातातले गेम दुरुस्त करतो. ‘सेल टिकत नाहीत’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत दोष सेलचा नसतो, स्विचचा असतो. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

आधी १.२ व्होल्टची भीती काढून टाकू, कारण नेमकं तिथेच लोक चुकीची खरेदी करतात. अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरायच्या चांगल्या प्रतीच्या सेलवर १.५ लिहिलेलं असतं, पण तो नव्या सेलचा आकडा आहे. काम सुरू झालं की त्याचं व्होल्टेज उतरणीला लागतं. थोड्या वेळात १.३, मग १.२, मग १.१ असं ते सतत खाली येत राहतं आणि आयुष्याचा मोठा भाग तो सेल १.२ च्या आसपास किंवा त्याखालीच घालवतो. निकेल-मेटल-हायड्राइड सेल भरल्यावर १.३ च्या वर असतो, लवकरच सव्वाच्या खाली येतो आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. शेवटी एकदम खाली पडतो. म्हणजे १.२ हे त्याचं सरासरी वागणं आहे आणि १.५ हा अल्कलाइनचा पहिल्या दिवसाचा आकडा. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की फसगत होते.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या आत दोन सेलचं व्होल्टेज उचलून यंत्राला हवं तेवढं करून देणारं सर्किट असतं. त्यामुळे सेल अडीच व्होल्ट देतात की तीन, याने खेळाचा वेग किंवा आवाज बदलत नाही. व्होल्टेज कमी झालं की ते सर्किट सेलमधून थोडा जास्त करंट ओढतं, एवढंच.

आता करंट. निंटेंडोने हे यंत्र २००१ मध्ये आणलं तेव्हा दोन अल्कलाइन सेलवर साधारण १५ तास चालेल असं सांगितलं होतं. ते खरंही होतं, कारण मूळ पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता. खिडकीशी बसून, मान वाकडी करून खेळावं लागे, हे तुमच्या मामांना विचारा! माझ्या टेबलावर मूळ पडद्याचं यंत्र दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास घेतं. आयपीएस पडदा लावला आणि उजेड मध्यावर ठेवला की तोच आकडा अडीचशे ते तीनशेच्या घरात जातो. उजेड पूर्ण केला तर आणखी वर. तुमचे दुकानातले साधे सेल इथेच हार मानतात. ते बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. घड्याळासाठी, टीव्हीच्या रिमोटसाठी ते बनवलेले आहेत, जिथे करंट नगण्य लागतो. सतत तीनशे मिलीअँपिअर मागितले की त्यांच्या आतला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढत जातो, व्होल्टेज बसतं आणि सेलमध्ये जीव शिल्लक असूनही यंत्राला तो संपल्यासारखा वाटतो. तोच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घाला, महिनोन्महिने चालेल.

निकेल-मेटल-हायड्राइडचा आतला रोध अल्कलाइनच्या मानाने खूपच कमी असतो. जितका भार जास्त तितका त्याचा फायदा जास्त. म्हणून मूळ पडद्याच्या यंत्रात अल्कलाइन थोडे पुढे राहतील, पण तुमच्यासारख्या पडदा बदललेल्या यंत्रात चांगले रिचार्जेबल सेल अल्कलाइनच्या बरोबरीने चालतात, आणि उजेड वाढवलेला असेल तर पुढेही जातात. साधा हिशेब करा: २००० एमएएच भागिले २८०, म्हणजे सात तास. शाळेत जाणाऱ्या मुलीचा आठवडा त्यात आरामात निघावा.

‘ठेवल्या जागी चार्ज न गमावणारे’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम वापरला. पूर्वीचे निकेल-मेटल-हायड्राइड सेल भरून कपाटात ठेवले की महिन्याभरात पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त आपोआप गमावून बसत. दिवाळीच्या सुट्टीत भरलेले सेल नाताळात हातात घेतले तर निम्मे. कितीतरी लोकांचं रिचार्जेबल सेलबद्दलचं मत त्या काळात बिघडलं, ते आजतागायत तसंच आहे. २००५ मध्ये जपानच्या सॅन्यो कंपनीने एनेलूप आणले आणि हा दोष जवळपास संपवला. पुढे पॅनासोनिकने सॅन्यो विकत घेतली, तेव्हा बाजारातली मक्तेदारी टाळण्यासाठी सॅन्योचा ताकासाकी इथला सेलचा कारखाना फुजित्सू समूहातल्या एफडीके कंपनीकडे गेला. त्यामुळे वर्षानुवर्षं पॅनासोनिकचे एनेलूप आणि फुजित्सूचे पांढरे सेल एकाच कारखान्यातून निघत होते. आज दुसऱ्या कंपन्याही या जातीचे सेल करतात. वेष्टनावर ‘वापरायला तयार’, ‘आधीच चार्ज केलेले’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा ते याच जातीचे. कारण दुकानात महिनोन्महिने पडून राहिल्यावरही चार्ज टिकतो, याची खात्री असल्याशिवाय कोणी तसं छापत नाही.

एनेलूपमध्येही दोन प्रकार समोर येतील. पांढरे साधारण २००० एमएएचचे आणि काळे ‘प्रो’ २५०० चे. काळे जास्त आकड्याचे म्हणून लोक तेच उचलतात. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे पांढरे सुमारे २१०० वेळा चार्ज होतात, काळे ५०० वेळा. घरगुती वापरात यातला कुठलाही आकडा जसाच्या तसा मिळत नाही, पण दोघांमधलं अंतर खरं आहे. जास्त क्षमता कोंबायची तर सेलच्या आतले थर वेगळे ठेवणारे पापुद्रे पातळ करावे लागतात आणि पातळ पापुद्र्यांना म्हातारपण लवकर येतं. तुमच्या यंत्रात काळे सेल दोन तास जास्त देतील. चार सेल घेऊन जोडी फिरवणार असाल तर त्या दोन तासांची किंमत काय? मी स्वतःच्या यंत्रांत पांढरेच वापरतो. सात-आठ वर्षं झालेल्या जोड्या अजून कामावर आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट. काही जास्त क्षमतेचे सेल अंगाने किंचित जाड असतात. एए, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलच्या आकाराला १४.५ मिलिमीटर व्यासाची मर्यादा आहे, पण वरचं प्लास्टिकचं वेष्टन जाड असेल तर ॲडव्हान्सच्या कप्प्यात सेल घट्ट बसतो आणि काढताना नखं तुटतात. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, वेष्टन फाटून शॉर्ट होतो.

आणि ३०००, ३६००, ४००० एमएएच असं छापलेले एए सेल दिसले तर हात लावू नका. या आकारात निकेल-मेटल-हायड्राइडची मजल २७००-२८०० च्या पुढे जात नाही. मी एकदा एका विक्रेत्याकडून ३३०० लिहिलेले चार सेल हौसेने घेतले. चार्जरवर भरून-रिकामे करून मोजले तर हजारही भरले नाहीत. तेव्हापासून वजन करायची सवय लागली. पांढरा एनेलूप २६-२७ ग्रॅम भरतो, २५०० चा सेल ३० च्या आसपास. मोठ्या आकड्याचा दावा करणारा सेल हातात हलका लागला तर आत माल नाही. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा एवढ्याला पुरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे सेल घेणार असाल तर ही खात्री करूनच घ्या. तिथे उत्तम माल मिळतो आणि नकलीही मिळतो, दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेले.

आता यूएसबीवर चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलकडे येतो. हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. या सेलच्या आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम सेल असतो आणि डोक्याशी एक चिमुकलं सर्किट, जे ते व्होल्टेज १.५ वर उतरवून देतं. ऊर्जा यांत खरोखर जास्त असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. क्षमता बहुधा मिलीवॅट-तासांत छापतात. ३४०० मिलीवॅट-तास भागिले १.५ म्हणजे सुमारे २२७० एमएएच. पांढऱ्या एनेलूपचे २००० गुणिले १.२ म्हणजे २४०० मिलीवॅट-तास. कागदावर लिथियम जिंकतो.

तरीही तुमच्या लेकीच्या हातात मी तो देणार नाही. पहिलं कारण लाल दिव्याचं. हा सेल शेवटच्या क्षणापर्यंत अचूक १.५ देतो आणि मग सर्किट एकदम बंद होतं. गेम बॉयचा हिरवा दिवा लाल व्हायला व्होल्टेज हळूहळू उतरावं लागतं. इथे ते उतरतच नाही. सेव्ह न केलेला तासाभराचा खेळ क्षणात जातो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्याचं किती वाईट वाटतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. काही चांगल्या सेलमध्ये शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज मुद्दाम १.१ वर उतरवतात, म्हणजे यंत्राला इशारा मिळेल. घ्यायचाच असेल तर तेवढं वैशिष्ट्य बघून घ्या.

दुसरं कारण आवाज. व्होल्टेज उतरवणारं ते सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याची बारीक शीळ ध्वनीत उतरते. स्पीकरवर कदाचित कळणार नाही, हेडफोन लावले की कळते. गेम बॉय ॲडव्हान्सचा आवाज मुळातच थोडा खरखरीत आहे, पडदा बदलल्यावर त्यात आणखी गुणगुण येते, वर ही तिसरी भर. कॅमेऱ्याला, खेळण्याला, वायरलेस माऊसला हे सेल ठीक आहेत. ज्यात जुनं ॲनालॉग ध्वनीचं सर्किट आहे तिथे निकेल-मेटल-हायड्राइडची स्वच्छ, शांत वीजच बरी.

इथे एक इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या. १४५०० नावाचे लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखे असतात, आकार तोच. पण त्यांत व्होल्टेज उतरवणारं सर्किट नसतं. एकेक सेल ३.७ व्होल्टचा, भरल्यावर ४.२. दोन घातले तर तीन व्होल्टच्या यंत्रात आठ व्होल्टच्या वर वीज शिरते. माझ्याकडे असं जळालेलं एक यंत्र आलं होतं. एका मुलाने बाबांच्या टॉर्चमधले सेल काढून घातले होते. मदरबोर्ड वाचला नाही. घरात टॉर्चसाठी असे सेल असतील तर त्यांच्यावर मार्करने मोठी फुली मारा आणि वेगळ्या डब्यात ठेवा. निकेल-झिंक नावाचेही रिचार्जेबल सेल मिळतात. ते १.६ व्होल्टचे म्हणवतात आणि भरल्यावर त्याच्याही बरेच वर असतात. तेही नकोत.

चार्जरबद्दल मी थोडा आग्रही आहे. लोक महागाचे सेल घेतात आणि जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या चार्जरवर लावतात. मग वर्षभरात सेल गेले म्हणून कंपनीला बोल लावतात. स्वस्त चार्जर दोन प्रकारे सेल मारतो. एक तर तो जोडीने चार्ज करतो, दोन सेल एकापुढे एक जोडून एकाच करंटवर. त्यातला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याच्यातून करंट जातच राहतो आणि तो तापत बसतो. दुसरं म्हणजे त्याला सेल भरल्याचं कळतच नाही, तो फक्त घड्याळ लावून ठराविक तास चालतो.

चांगला चार्जर काय करतो? निकेल-मेटल-हायड्राइड सेल पूर्ण भरला की त्याचं वाढत गेलेलं व्होल्टेज काही मिलीव्होल्टने खाली येतं. ती एवढीशी घसरण प्रत्येक कप्प्यात स्वतंत्रपणे हेरून चार्जर थांबतो. ही घसरण स्पष्ट दिसायला करंटही पुरेसा लागतो. फार हळू चार्ज केलं तर ती इतकी पुसट होते की चार्जरला सापडत नाही. २००० च्या सेलला साधारण ५०० ते १००० मिलीअँपिअर हा पट्टा योग्य. पंधरा मिनिटांत, अर्ध्या तासात भरून देणारे चार्जर सेलला भाजून काढतात, ते टाळा. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: यात एकटा सेल चार्ज होतो का? होत असेल, तर कप्पे स्वतंत्र आहेत. नाही, दोनच लावावे लागतात असं दुकानदार म्हणाला तर तो चार्जर परत ठेवा. आकडे दाखवणारा, सेल रिकामा करून क्षमता मोजणारा चार्जर परवडला तर जरूर घ्या. कुठला सेल थकला ते त्यावर लगेच कळतं. पण ते चैनीचं आहे, गरजेचं नाही.

चार्ज होताना शेवटी सेल कोमट होणं स्वाभाविक आहे. हातात धरवत नाही इतका गरम झाला तर काहीतरी चुकतंय. नाशिकला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा चार्जर खिडकीच्या उन्हात लावू नका. रात्री किंवा पहाटे लावा. आणि पूर्ण रिकामे करूनच चार्ज करायचे, हा जुना नियम विसरा. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला. निंटेंडोने पहिल्या गेम बॉयसाठी जो रिचार्जेबल पॅक विकला होता तो त्याच जातीचा होता, आणि तिथे त्या नियमाला अर्थ होता. उलट आजचे सेल पार रिकामे केले तर त्यांचं नुकसान होतं. लाल दिवा लागला की खेळ सेव्ह करायचा, बंद करायचं, सेल बदलायचे. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केलं की दोन-चार मिनिटं चालतं, मुलांना हा शोध फार लवकर लागतो. पण त्या दोन-चार मिनिटांत जोडीतला जो सेल जरा अशक्त असतो त्याच्यातून दुसरा उलटा करंट ढकलतो आणि तो कायमचा अधू होतो.

म्हणूनच जोड्या मोडू नका. सेलवर मार्करने क १, क २, ख १, ख २ असं लिहा आणि घेतल्याचा महिना घाला. क ची जोडी एकत्र यंत्रात जाईल, एकत्र चार्जरवर येईल. एक सेल रिमोटमध्ये, एक गेम बॉयमध्ये अशी फाटाफूट झाली की सहा महिन्यांत कोण कोणाच्या जोडीचा ते कळत नाही.

आता स्विच. मी सुरुवातीला म्हटलं तसं, सेल घेण्याआधी हे करा. वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या यंत्राच्या पॉवर स्विचच्या आत ऑक्साइडचा थर चढलेला असतो. सेलच्या पट्ट्यांवरही असतो. हा थर म्हणजे सेल आणि यंत्राच्या मध्ये बसवलेला एक छोटा रोध. समजा तो अर्धा ओहम आहे. मूळ पडद्याच्या दीडशे मिलीअँपिअरला तिथे ०.०७५ व्होल्ट अडकतात, फारसं बिघडत नाही. आयपीएस पडद्याच्या तीनशेला ०.१५ व्होल्ट अडकतात. दोन निकेल-मेटल-हायड्राइड सेल मिळून २.४ व्होल्ट देतात, त्यातले ०.१५ वाटेतच गेले तर लाल दिवा सेल अर्धे भरलेले असतानाच लागतो. मग माणूस म्हणतो, रिचार्जेबल यात चालत नाहीत. पडदा बदलायच्या आधी जे यंत्र ठणठणीत वाटत होतं, ते बदलल्यानंतर कुरकुर का करतं, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

घरी मल्टीमीटर असेल तर तपासणं सोपं आहे. सेल घालून, यंत्र चालू करून, गेम सुरू असताना आधी सेलच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज बघा. मग मागचं झाकण उघडून स्विचच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पायावर मीटरची टोकं ठेवा. ०.०२-०.०३ व्होल्टपर्यंत फरक आला तर स्विच चांगला. ०.१ आला तर साफ करायलाच हवा. ॲडव्हान्सच्या मागच्या झाकणाला तीन पात्यांच्या खाचेचे (ट्राय-विंग) स्क्रू असतात, त्यासाठी वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो. तो घरी नसला तर ज्यांनी पडदा बसवला त्यांच्याकडेच न्या, त्यांचं हे दहा मिनिटांचं काम आहे.

साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. सेल बाहेर काढा, स्विचच्या फटीत एक-दोन थेंब सोडा आणि स्विच तीस-चाळीस वेळा पुढे-मागे करा. पूर्ण वाळू द्या. पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर मामांच्या काळातला एखादा अल्कलाइन सेल तिथे गळला होता. ते आम्लारी असतं, म्हणून कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा. फसफस थांबली की अल्कोहोलने पुन्हा पुसा. व्हिनेगर बोर्डपर्यंत ओघळू देऊ नका. नंतर पेन्सिलच्या खोडरबराने पट्टी घासली की चकाकते. सॅंडपेपर वापरू नका, वरचा मुलामा निघाला की पावसाळ्यात आठवड्याभरात गंज धरतो.

पावसाळ्यावरून सांगतो. नाशिकला ठीक, पण सुट्टीत यंत्र कोकणात आजोळी जाणार असेल तर सेल काढून, छोट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रिचार्जेबल सेल अल्कलाइनपेक्षा खूपच कमी गळतात. जुन्या यंत्रांसाठी मी त्यांचा एवढा आग्रह धरतो त्यामागे हेही कारण आहे. अल्कलाइनच्या गळतीने मेलेले गेम बॉय मी इतके पाहिलेत की महिनाभर यंत्र वापरात नसणार असेल तर आत कुठलाच सेल ठेवत नाही.

तुमच्याकडे दुसरी यंत्रंही निघतील म्हणून थोडक्यात. १९८९ च्या पहिल्या गेम बॉयला चार एए लागतात आणि तो इतका कमी वीज खातो की हेच पांढरे सेल त्यात झकास चालतात. त्याचे रचनाकार गुनपेई योकोई यांनी रंगीत, उजेडाचा पडदा जाणूनबुजून टाळला होता, कारण मुलांच्या खिशाला सेलचा खर्च झेपला पाहिजे. त्याच काळातलं सेगाचं गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकायचं. ते कोणाकडे असेल तर रिचार्जेबलशिवाय पर्यायच नाही. गेम बॉय पॉकेटला दोन एएए, म्हणजे बारीक पेन्सिल सेल, त्यांची क्षमता ७५०-८०० च्या आसपासच असते, पडदा बदलला तर फार वेळ चालत नाही. गेम बॉय कलरला तुमच्यासारखेच दोन एए.

ॲडव्हान्स एसपी, म्हणजे दुमडणारा, आणि डीएस, पीएसपी या नंतरच्या हातातल्या यंत्रांत लिथियमची स्वतःची बॅटरी असते, तिथे हे सगळं लागू नाही. तिथे एकच बघा: बॅटरीचं झाकण फुगलंय का. फुगलं असेल तर यंत्र चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. बाहेर काढून मुलांच्या हाताबाहेर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बदली बॅटरी घेताना मूळच्या दुप्पट क्षमतेचा दावा करणारी घेऊ नका. त्याच आकारात दुप्पट काही मावत नाही.

ॲडव्हान्सलाही लिथियमचा पॅक आणि यूएसबी-सी बसवून देणारे संच मिळतात. काम नीट केलं तर छान चालतात, पण त्यासाठी सोल्डरिंग लागतं आणि मूळ कप्पा कापावा लागू शकतो. मामांच्या आठवणीचं यंत्र आहे. मी असतो तर ते कापलं नसतं.

निकामी झालेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ग्राहकानेही त्या वेगळ्या द्यायच्या आहेत. टोकांवर चिकटपट्टी लावून एका बरणीत साठवा आणि ई-कचरा संकलनाला द्या.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण पेटीत पोकेमॉन गोल्ड या खेळाची कॅसेट निघाली असं तुम्ही सहज लिहिलंत, म्हणून राहवत नाही. त्या कॅसेटच्या आत सीआर २०२५ हा नाण्याएवढा सेल सोल्डर करून बसवलेला आहे. खेळातलं घड्याळ आणि सेव्ह केलेला खेळ, दोन्ही त्याच्यावर जगतात. तो रिचार्जेबल नाही आणि त्याच्या जागी रिचार्जेबल बसवूही नका. एलआयआर नावाचे, तसेच दिसणारे सेल मिळतात, पण त्यांचं व्होल्टेज जास्त असतं आणि कॅसेटमध्ये त्यांना चार्ज करणारं काहीही नाही. नवा साधा सीआर २०२५, तोही पत्र्याचे पाय जोडलेला घ्या. सुट्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तो तापून फुटू शकतो. आणि काढलेला सेल लगेच मुलीच्या हाताबाहेर ठेवा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, ती तातडीने दवाखाना गाठायची वेळ असते.

पण हे करण्याआधी कॅसेट एकदा गेम बॉयमध्ये लावून ‘कंटिन्यू’ दिसतं का बघा. वीस वर्षांनी तो सेल बहुधा संपलेला असेल, पण माझ्या हातात काही कॅसेट अजून जिवंत आल्यात. दिसलं, तर आत मामांनी खेळलेला खेळ आहे, आणि जुना सेल काढताक्षणी तो पुसला जाईल. कॅसेटमधलं सेव्ह संगणकावर उतरवून घेणारी छोटी यंत्रं मिळतात. पडदा बदलणाऱ्या माणसाकडे ते असण्याची शक्यता आहे. आधी ते उतरवून घ्या, दोन ठिकाणी जपून ठेवा, मग सेल बदला आणि तेच सेव्ह परत कॅसेटमध्ये भरा. मामांनी जिथे खेळ सोडला होता, तिथून तुमची लेक पुढे खेळू शकेल.